गुरचरणावरची शर्यत

भीती वाटली की ताई समोरच्या माणसापुढे मनगट धरायच्या. "नाडी बघा. बघा कशी उडतेय!" समोर कोण आहे, हा विचारच नसायचा. मीटर बघायला आलेला माणूस, कापडाचा दलाल, माझ्याकडे शाईचे डबे घेऊन येणारा टेम्पोवाला, सगळ्यांनी ताईंची नाडी बघितलेली आहे. त्यातल्या एकालाही नाडीतलं काही कळत नव्हतं. तरी प्रत्येक जण दोन बोटं ठेवून गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "हो, उडतेय खरी." तेवढ्यानेच त्यांना बरं वाटायचं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या माहेरच्या गावाचंही नाही. चिंचोटी ते कामण या पट्ट्यातलं डोंगराच्या पायथ्याचं एक गाव, एवढं पुरे. असं का, ते पुढे तुमच्या लक्षात येईल.

सातिवलीत आमचे गाळे शेजारी शेजारी होते. त्या टी-शर्ट शिवायच्या, मी त्यांवर छपाई करायचो. मधे एकच भिंत. त्यांच्याकडची ओव्हरलॉक मशीन चालू झाली की माझ्या फळीवरचे शाईचे डबे थरथरायचे. कामाला नालासोपाऱ्याहून येणाऱ्या पाच-सहा बायका होत्या आणि त्या सगळ्या ताईंच्या भीतीवर मनापासून हसायच्या. ताईही त्यांच्यात सामील व्हायच्या. पण भीती काही कमी व्हायची नाही. इस्त्रीचा प्लग काढला तरी त्या वायरीवर पाय द्यायच्या नाहीत. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो आधी मला उचलायला लावायच्या. संध्याकाळी शटर ओढून कुलूप लावलं की मला हाक यायचीच. "भाऊ, जरा ओढून बघा हो. माझ्या हातावर माझाच विश्वास नाही."

मी ओढून बघायचो. कुलूप लागलेलं असायचं. "लागलंय ताई." "नक्की ना?" "नक्की." मग रिक्षात बसता बसता पुन्हा एकदा मागे वळून बघणं.

एरवी त्या तुमच्या-आमच्यासारखंच बोलायच्या. घाबरल्या की मात्र माहेरची बोली वर यायची आणि 'ण'चा 'न' व्हायचा. भिंतीपलीकडून "कोन हाय?" असं ऐकू आलं की मी हातातलं काम टाकून जायचो. बहुतेक वेळा पाल असायची.

अशा बाईने डोंगरातली शर्यत भरवली, हे सांगितलं तर त्यांना ओळखणाऱ्यांचा विश्वास बसत नाही. त्याचं मूळ माझ्याच छपाईत आहे.

घाटावरच्या कुठल्याशा संस्थेच्या ट्रेल रनचं काम आमच्याकडे आलं होतं. शिवण ताईंची, छपाई माझी. पहिला टी-शर्ट वाळत घातला होता. त्याच्या पाठीवर 'या डोंगरासाठी धावा' असं छापलेलं होतं. ताई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"भाऊ, यांच्या धावण्याने डोंगराला काय मिळतं?"

मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. लोक पैसे भरून धावतात, त्यातून ती संस्था झाडं लावते, कुंपण घालते, कोर्टकचेरी करते. रस्त्यावरची नाही, रानातली शर्यत. माणसं पायवाटेने चढतात, उतरतात, घसरून पडतात आणि वर आनंदाने फोटो काढतात.

"म्हणजे इतकी मानसं तो डोंगर डोळ्यांनी बघून जातात," ताई म्हणाल्या. 'मानसं' ऐकलं आणि मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. आसपास पाल नव्हती.

त्यांच्या गावाला एक गुरचरण होतं. गुरं चरायला पिढ्यान्‌पिढ्या राखलेली सरकारी जमीन, डोंगराच्या उतारापर्यंत गेलेली. ती कुणाच्या मालकीची नाही, म्हणून कुणीही तिचा लचका तोडत होतं. आधी एका कोपऱ्यातून मुरूम उपसला गेला. टिपर भरून भरून इतका नेला, की अर्धी टेकडी सुरीने कापल्यासारखी उभी राहिली. मग पत्र्याचं कुंपण आलं, पत्र्यामागे चाळीचं जोतं आलं. गावात कुणी बोलायला गेलं की त्याच्या घरी माणसं जाऊन बसत. ताईंचे थोरले भाऊ, दादा, अजून चार गाई घेऊन रोज तिथे जात. एक दिवस त्यांनाच विचारण्यात आलं, "म्हातारबा, इथे कशाला येता?"

"चोरी करनाऱ्याला अंधार लागतो," ताई म्हणाल्या. "आपन तिथं मानसं नेऊन उभी करू. भरपूर मानसं."

पहिली शर्यत छोटी होती. परवानग्यांसाठी ताई ज्या ज्या कचेरीत गेल्या, तिथल्या शिपायानेही नाडी बघितली. त्यांची सगळ्यात मोठी भीती होती बिबट्याची. वर जंगल आहे, तो कधी कधी खाली उतरतो. म्हणून त्यांनी वाटेच्या प्रत्येक वळणावर गावातला एकेक ढोलवाला बसवला. बिबट्या पळावा म्हणून ढोल बडवले गेले आणि धावणाऱ्यांना वाटलं, आपल्या स्वागतासाठीच आहेत. निम्मे जण थांबून नाचले. वेळ कुणाचीच चांगली लागली नाही, पण असली शर्यत पाहिली नाही म्हणत गेले. शेवटी गावातल्या बायकांनी सगळ्यांना तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली. जमलेल्या पैशांतून जमिनीच्या सरकारी मोजणीसाठी अर्ज गेला आणि उताराच्या कडेला रोपं लागली. गुरचरणात माणसं उभी असलेले फोटो सगळीकडे फिरले. टिपर काही महिने आले नाहीत.

दुसऱ्या वर्षी नावं कितीतरी पटीने आली. आणि तो माणूस आला.

दुपारची वेळ होती. पलीकडच्या मशीन एकेक करून बंद होत गेल्या, तेव्हा मला वाटलं वीज गेली. पण माझा पंखा चालू होता. तेवढ्यात ताईंकडची एक बाई दारात आली. "भाऊ, तुम्हाला बोलावलंय." तिचा चेहरा हसरा नव्हता.

पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, पायांत स्वच्छ चपला. खुर्चीत बसून तो चहा पीत होता. मला बघून उठून नमस्कार केला. आवाज इतका मऊ, की मशीन चालू असत्या तर ऐकूच आला नसता.

"छपाई तुम्हीच करता ना? बरं झालं. मला एकच टी-शर्ट हवाय. ताई म्हणतात एक शिवत नाही, पण आपल्या माणसासाठी शिवतील."

"कुठलं माप?" मी विचारलं.

"चार वर्षांची मुलगी आहे. मागे नाव छापायचं."

त्याने नाव सांगितलं. ते ताईंच्या नातीचं घरातलं लाडाचं नाव होतं. शाळेत लावलेलं नाही, घरात हाक मारायचं. मला ते माहीत होतं, कारण ताई फोनवर तिच्याशी बोलताना भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

ताई शिवणाच्या टेबलाला टेकून उभ्या होत्या.

"घाई नाही," तो म्हणाला. "तुमची शर्यत होऊ दे. जंगल आहे ताई, काळजी घ्या. कुणाचा पाय घसरला तर नाव तुमचं खराब होईल." कप खाली ठेवून त्याने चहाबद्दल आभार मानले आणि गेला.

ताईंनी माझ्यापुढे मनगट धरलं. या वेळी मी खरोखरच नाडी बघितली. बोटाखाली काहीतरी सुटायला धडपडत होतं.

"रद्द करा ताई," मी म्हणालो. "आजच कळवा सगळ्यांना."

"रद्द केली तर भीती जाईल, असं सांगता का? मग करते." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "नाय जानार भाऊ. घर तर त्याला कळलंच आहे."

त्याच संध्याकाळी सून आणि नात सुनेच्या माहेरी गेल्या. आम्ही दोघं पोलीस चौकीत जाऊन अर्ज देऊन आलो. अर्ज घेतला गेला, शर्यतीच्या दिवशी बंदोबस्त देतो म्हणाले, आणि तो दिलाही. पण चौकीतून बाहेर पडताना ताई म्हणाल्या, "काय सांगितलं आपण? एक माणूस आला, चहा प्यायला, टी-शर्ट मागितला." तक्रार एवढीच होती. घाबरण्यासारखं त्यात जे होतं ते कागदावर उतरत नव्हतं.

पुढचे दिवस मी कधीही विसरणार नाही. गल्लीत मोटारसायकल थांबली की पलीकडची मशीन थांबायची, आणि ती थांबली की माझा हातही थांबायचा. रोजच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे मी निरखून बघू लागलो. कामाच्या बायकांचं हसणं बंद झालं होतं. संध्याकाळी कुलूप ओढून बघायला मी हाकेची वाट बघेनासा झालो. माझंही दोनदा ओढून बघायचो.

डिसेंबरातला रविवार होता. शर्यतीची वाट दाखवायला आदल्या दिवशी ताईंनी आणि दादांनी जागोजागी नारिंगी कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. टी-शर्ट बेतून उरलेल्या कतरणीच्याच. उजाडायच्या सुमाराला मी मैदानात पोचलो तेव्हा माणसं जमायला लागली होती. कुणी वाकून पायांच्या बोटांना हात लावत होतं, कुणी छातीवर नंबर टाचत होतं. पोलीस आले होते. ढोलवाले या वर्षी वाटेवर एकेकटे बसायला तयार झाले नव्हते, ते मैदानातच होते. सगळं ठीक दिसत होतं.

ताई मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चला, पुढे जाऊन वाट बघून येऊ."

"काल तर बांधल्यात पट्ट्या."

"काल बांधल्यात. आज असतील कशावरून?"

धुकं होतं. गवत दवाने भिजलेलं. ताईंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे आम्ही हळूहळू चढत होतो. दर थोड्या अंतरावर नारिंगी पट्टी दिसायची आणि ताई सुस्कारा टाकायच्या. मग पुढची दिसेपर्यंत श्वास रोखून चालायच्या. मीही तेच करतोय हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

एका जुन्या ऐनाच्या झाडाशी वाटेला दोन फाटे फुटतात. उजवीकडची वाट चढून डोंगराच्या सोंडेवर जाते. डावीकडची काही पावलं सपाट जाते आणि मुरमाच्या खाणीवर संपते. टेकडी तिथेच उभी कापलेली आहे. कड्यापर्यंत कमरेइतकं वाळलेलं गवत. कडा आला हे पाय पोकळीत पडल्यावरच कळतं.

उजवीकडे एकही पट्टी नव्हती. डावीकडे, गवतात, एकामागे एक नारिंगी पट्ट्या लावलेल्या होत्या.

खालून भोंगा ऐकू आला. शर्यत सुटली होती. मी फोन काढला, रेंज नव्हती.

"भाऊ, तुम्ही उजवीकडे वर जाऊन पट्ट्या बांधा," ताई म्हणाल्या. त्यांनी पहिल्या दोन-तीन पट्ट्या ओढून काढून माझ्या हातात कोंबल्या. "मी हितं उभी राहते. येनाऱ्याला मी सांगते." बाकीच्या पट्ट्या तशाच राहिल्या, पुढे गवतात.

मी सोंडेवर चढून एक पट्टी बांधली आणि खाली बघितलं. तिथून ऐन दिसत होता आणि खाणीचा कडाही. धुक्यातून पहिला धावपटू आला. विशी-बाविशीचा पोरगा, भलत्याच वेगात. ताईंनी दोन्ही हात पसरले, ओरडल्या. त्याच्या कानांत गाणी होती. त्याला वाटलं, या मावशी आपल्याला दाद देतायत. तो हसला, त्यांना हात केला आणि पुढे गवतात दिसणाऱ्या नारिंगी पट्टीकडे, डावीकडे वळला.

मी ओरडलो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

ताई धावल्या. रस्ता ओलांडतानाही त्या कधी धावल्या नव्हत्या. एक चप्पल उडाली, मग दुसरी. ओढणी करवंदीच्या जाळीत अडकली, ती तिथेच राहिली. गवत दाट झालं तसा पोरगा जरा मंदावला. तेवढ्यात त्यांचा हात त्याच्या टी-शर्टाच्या पाठीपर्यंत पोचला. दोघंही मागे आपटून गवतात दिसेनासे झाले. आणि मग दगड खाली गेल्याचा आवाज आला. दगड तळाला पोचायला फार वेळ लागला.

मी कसा उतरलो ते आठवत नाही. ऐनापाशी आलो तर धुक्यातून पावलं ऐकू येत होती, शेकडो. मला गवताकडे धावायचं होतं आणि मला तिथून हलता येत नव्हतं. मी वाटेत आडवा उभा राहिलो. "उजवीकडे! उजवीकडे!" करत राहिलो. माणसं येत होती, वळत होती, जाता जाता "थँक यू काका!" म्हणत होती. एका बाईने माझ्यासोबत फोटोही काढला. माझ्या मागे गवतात काय झालंय हे मला माहीत नव्हतं. हाक मारायचं धाडस होत नव्हतं, कारण उत्तर आलं नाही तर?

शेवटचे चालत येणारे आले, त्यांच्यामागे दादा. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ते डावीकडे निघाले. मी त्यांच्यामागे.

ताई बसलेल्या होत्या. पोरगा त्यांच्यापुढे, कड्याकडे पाठ करून, गुडघे छातीशी घेऊन. रडत होता. "मावशी, सोडा आता. मी कुठे जात नाही." त्याच्या टी-शर्टाचा मागचा भाग ताईंच्या मुठीत होता. सोडायचं त्यांनाही होतं, पण मूठ उघडत नव्हती. दादा शेजारी बसले आणि त्यांनी एकेक बोट हलक्या हाताने सोडवलं.

"पडलं का कोन?" ताईंनी विचारलं.

"कोनी नाय पडलं," दादा म्हणाले.

त्यांच्या तळपायात दगड खोल घुसला होता आणि गुडघा सुजला होता. बक्षीस समारंभ झाला तेव्हा त्या रुग्णालयात होत्या.

त्या पोराने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. शर्यतीत धावलेल्या माणसांपैकी कितीतरी जणांनी आपापल्या नावाने तक्रारी केल्या. ज्या वाटेवरून आपण हसत गेलो तिथे काय होतं, हे कळल्यावर त्यांचाही थरकाप उडाला असणार. अडकलेली मोजणी सुरू झाली. कुंपणाचे पत्रे निघाले. खाण मात्र आहे तशी आहे, कापलेली टेकडी पुन्हा कुठून येणार? पट्ट्या कुणी हलवल्या ते आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. आणि तो मऊ आवाजाचा माणूस पुन्हा कधीच आला नाही. ताईंना त्याचीच जास्त भीती वाटायची. "समोर बसला होता तेव्हा निदान दिसत तरी होता," त्या म्हणायच्या.

त्यांच्या मुलाने दुसऱ्या गावी नोकरी बघितली. बिऱ्हाड हललं, मशीन विकल्या गेल्या. ताईंच्या गाळ्यात आता पुठ्ठ्याची खोकी बनतात. माझे शाईचे डबे थरथरत नाहीत. ताईंचा अधूनमधून फोन येतो. पायाचं, नातीचं बोलतात, कुठे राहतात ते सांगत नाहीत. मीही विचारत नाही. माहीत नसलं म्हणजे कुणी विचारल्यावर सांगावं लागणार नाही. शर्यत दरवर्षी होते. आता तरुण मुलं भरवतात. ताई येत नाहीत.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते हद्दीचे दगड रोवले त्या दिवशी. तोंडाला स्कार्फ गुंडाळून रिक्षातून उतरल्या. किंचित लंगडत, दादांचा हात धरून प्रत्येक दगडापर्यंत गेल्या, प्रत्येकाला हात लावला. खाणीच्या बाजूला गेल्या नाहीत. दुपारी जेवणं झाली. आम्ही पाच-सात जण सावलीत बोलत बसलो होतो आणि बोलता बोलता ताई गवतावर आडव्या झाल्या. हात डोक्याखाली, पाय पोटाशी. चेहऱ्यावरचा स्कार्फ सरकला होता. थोड्या वेळाने त्या घोरायला लागल्या.

त्यांचा मुलगा घड्याळ बघून त्यांना उठवायला निघाला. दादांनी त्याला थांबवलं. "झोपू दे."

गाई चरत चरत जवळ आल्या. एक तर त्यांच्या पायांशी उभी राहून गवत ओढत होती. तेवढ्यात खालच्या रस्त्यावरून एक टिपर गेला आणि त्याने हॉर्न दिला. आम्ही सगळे दचकून उभे राहिलो. तो दिसेनासा होईपर्यंत कुणी खाली बसलं नाही. मग मी ताईंकडे बघितलं. त्यांनी नुसती कूस बदलली होती.